पीपीपी प्रकल्पासाठी लॉ फर्म : वीस महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही एका लॉ फर्मच्या एंगेजमेंट लेटरवर, म्हणजे काम सोपवण्याच्या पत्रावर, सही केली, तेव्हा बाबा म्हणाले होते, "निविदा भरायच्या आधीच वकील? आपल्याकडे भांडण झालं की वकील लागतो." आज ऑक्टोबर २०२५ मध्ये हे लिहिताना मला वाटतं, निविदा भरायच्या आधीचे चार महिने हाच या सगळ्या खर्चातला सर्वांत वसूल झालेला भाग आहे. फर्मचं नाव लिहिणार नाही. प्रकल्प चालू आहे, आणि पुढे तक्रारीही लिहिणार आहे. पण ज्या छोट्या-मध्यम ठेकेदारांना पहिल्यांदा पीपीपीत, म्हणजे सरकारी संस्था आणि खासगी कंपनीच्या भागीदारीतल्या प्रकल्पात, उतरायचंय, त्यांना उपयोग व्हावा म्हणून जमेल तेवढं तपशिलात लिहिते.

आमची कंपनी कर्वेनगरातली, बाबा आणि काकांनी उभी केलेली. पाण्याच्या टाक्या, ड्रेनेज लाइनी, छोटे एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प. आयटम रेटची, म्हणजे प्रत्येक बाबीचा दर ठरवून दिलेली कामं. काम करायचं, मोजमाप पुस्तिकेत नोंद करून घ्यायची, बिल काढायचं, सुरक्षा अनामत सुटायची वाट बघायची. २०२३ च्या अखेरीस ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस तयार करण्याच्या एका प्रकल्पाची निविदा आली. पुणे विभागातल्या एका नागरी संस्थेची, म्हणजे शहराचा कारभार बघणाऱ्या स्थानिक स्वराज्य संस्थेची. प्रकल्प आपण बांधायचा, आपण कर्ज काढायचं, वीस वर्षं चालवायचा आणि शेवटी परत द्यायचा. मोबदला म्हणजे टनामागे टिपिंग फी (कचरा घेऊन त्यावर प्रक्रिया करण्याबद्दल संस्थेने द्यायची रक्कम) आणि गॅसची विक्री. करारनाम्याचा मसुदा जवळपास दोनशे पानांचा.

शिवाजीनगर कोर्टात आमचं काम बघणारे वकीलकाका आहेत. माझ्या लहानपणापासून घरी येणारे. त्यांच्याकडे मसुदा घेऊन गेले. त्यांनी दोन दिवस ठेवून घेतला आणि म्हणाले, "अगं, वाचला मी. पण हे माझं काम नाही. यात कायद्यापेक्षा बँक जास्त आहे. हेच रोज करणारी माणसं शोध." त्यांच्या या प्रामाणिकपणाचं मोल मला फार वाटतं.

वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनुसार जाहिरात करता येत नाही. त्यामुळे वेबसाइटवरून फर्मबद्दल फारसं कळत नाही. आम्ही तीन ठिकाणी भेटलो आणि तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारला : ठरल्यापेक्षा कचरा कमी आला तर आमचं काय? दोन ठिकाणी त्यांनी केलेल्या महामार्गांच्या आणि बंदरांच्या कामांची यादी ऐकायला मिळाली. तिसऱ्या ठिकाणी समोरच्या पार्टनर बाईंनी उलट विचारलं, "कचरा मोजणार कोण? वजनकाटा कुणाचा?" मसुद्यात याचं उत्तरच नव्हतं. काटा संस्थेचा, नोंदवही संस्थेची आणि दंड आमचा, असा त्याचा अर्थ होत होता. तिथेच आमचं ठरलं.

काकांनी त्यांच्या सवयीने विचारलं, "निविदा मिळाली तर टक्केवारीने फी देऊ का?" पार्टनर बाईंनी स्पष्ट नाही म्हटलं. यशावर अवलंबून फी घ्यायला वकिलांना मनाई आहे. फर्मच्या दुसऱ्या कार्यालयाकडे काही बँकांची कामं आहेत, हेही त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. उद्या त्यातलीच एखादी बँक आम्हाला कर्ज देणारी म्हणून आली तर दोघांपैकी एकाचं काम सोडावं लागेल, असं लेटरमध्येच लिहून दिलं. त्या वेळी हा उगाच घातलेला घोळ वाटला होता. आता तसं वाटत नाही.

पहिल्या निविदेचा निकाल असा की फर्मने आम्हाला ती भरू नका म्हणून सांगितलं. सहा पानांची टिपणी आली. प्रत्येक धोक्यापुढे तीन रकाने : करारात तो कुणाच्या वाट्याला आहे, प्रत्यक्षात कुणाच्या हातात आहे, आणि बँक त्याबद्दल काय विचारेल. केंद्राने नेमलेल्या विजय केळकर समितीने २०१५ मध्ये पीपीपीबद्दल जे सांगितलं, ते मला त्या रकान्यांमधून कळलं. जो धोका ज्याला सांभाळता येतो, तो त्याच्याकडे हवा. आमच्या मसुद्यात कचऱ्याचं वर्गीकरण न होण्याचा धोका आमच्या वाट्याला होता. घराघरांतून कचरा गोळा करणारी यंत्रणा मात्र नागरी संस्थेची. तेव्हाच्या घनकचरा नियम २०१६ प्रमाणे ओला-सुका वेगळा करायलाच हवा होता, हे खरं. पण दारात मिश्र कचऱ्याची गाडी आली तर आम्ही ती परत पाठवू शकतो का, यावर मसुदा गप्प होता.

दुसरा मुद्दा जागेचा. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी कचरा डेपोपायी काय सोसलंय, ते पुण्यात कुणाला सांगायला नको. त्यामुळे कचऱ्याच्या प्रकल्पाला गावाचा विरोध होणार हे कुणीही धरूनच चालावं. तो विरोध मिटवून जागा मोकळी करून देणं ही कुणाची जबाबदारी? मसुद्यात लिहिलं होतं, 'सवलतधारकाने (म्हणजे आम्ही) स्थानिकांचं सहकार्य मिळवावं.' एवढंच.

आणि व्हीजीएफ, म्हणजे व्हायेबिलिटी गॅप फंडिंग, पीपीपी प्रकल्पाला आर्थिकदृष्ट्या परवडावं म्हणून सरकारने द्यायची मदत. आमच्या सीएंनी हिशेबात केंद्र आणि राज्याचं भांडवली साहाय्य धरलं होतं. नोव्हेंबर २०२० मध्ये ती योजना सुधारली, तेव्हा घनकचऱ्यासारख्या सामाजिक क्षेत्रांसाठी केंद्राकडून प्रकल्प खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत आणि राज्याकडून तेवढंच, अशी तरतूद झाली, हे बरोबर. पण प्रकल्पाचा चालू खर्च पूर्ण वसूल झाला पाहिजे ही अट आहे, आणि अर्ज संस्थेने करायचा असतो. आमच्या संस्थेने तो केलेलाच नव्हता. मिळण्याची खात्री नसलेल्या पैशावर आम्ही टिपिंग फीचा आकडा काढून बसलो होतो.

काका महिनाभर नाराज होते. फी भरून 'भरू नका' असं ऐकणं जड जातं, हे मलाही मान्य आहे.

दुसरी निविदा २०२४ च्या पावसाळ्यानंतर आली. वेगळी संस्था, काम साधारण तेच. या वेळी प्री-बिड मीटिंगसाठी, म्हणजे निविदा भरण्याआधीच्या शंका-समाधानाच्या बैठकीसाठी, फर्मने आमच्याकडून एकेचाळीस प्रश्न काढून घेतले. त्यांनी ते आधी इंग्रजीत लिहिले. मी म्हटलं, मीटिंगमध्ये मुख्य अभियंता आणि लेखाधिकारी असणार, मराठीत द्या. इथे त्यांच्या पुणे कार्यालयातल्या एका तरुण वकील मुलीचा उल्लेख करायलाच हवा. ती मूळची लातूरची. तिने संस्थेचे ठराव मागवून वाचले. पुणे आणि पिंपरी-चिंचवडप्रमाणे या संस्थेतही तेव्हा निवडणुका रखडल्या होत्या आणि प्रशासकाचा कारभार होता. ठराव प्रशासकाच्या सहीचे. त्यात प्रकल्पाची मुदत पंधरा वर्षं होती, निविदेत वीस. मुंबईतल्या सीनियर टीमने इंग्रजी मसुदा तीनदा वाचला होता. त्यात ही तफावत कधीच दिसली नसती, कारण ती मराठी ठरावात होती. पुढे कुणी याचिका केली असती तर शेवटच्या पाच वर्षांना मंजुरीचा आधारच राहिला नसता. शुद्धिपत्रक निघालं, नव्याने ठराव झाला. अख्ख्या वीस महिन्यांतलं सर्वांत मोलाचं काम माझ्या मते हेच, आणि ते सर्वांत कमी ताशी दर असलेल्या माणसाने केलं.

लवादाचं कलमही तेव्हाच बदललं. मूळ मसुद्यात वाद सोडवणारा एकमेव लवाद संस्थेच्या आयुक्तांनीच नेमायचा होता. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला, की सरकारी करारांत एका बाजूने परस्पर लवाद नेमण्याची अशी कलमं घटनेच्या अनुच्छेद १४ मध्ये बसत नाहीत. दुसऱ्याच आठवड्यात फर्मचं पत्र तयार होतं. त्यात वाद नव्हता, आरोप नव्हता. हे कलम ठेवलं तर पुढे दोघांचाही वेळ जाईल, एवढंच लिहिलं होतं. कलम बदललं आणि लवादाचं 'सीट' पुणे झालं. सीट म्हणजे नुसतं सुनावणीचं ठिकाण, अशी माझी समजूत होती. पण निवाड्याला आव्हान द्यायला कोणत्या कोर्टात जायचं, ते सीटवरून ठरतं, हे तेव्हा कळलं.

कोर्टातून स्थगिती आणू, असं आमच्या धंद्यात लोक सहज बोलतात. फर्मने पहिल्याच टिपणीत सांगितलं होतं, की २०१८ च्या दुरुस्तीनंतर स्पेसिफिक रिलीफ कायद्याच्या कलम २०अ खाली पायाभूत प्रकल्पाला उशीर होईल असा मनाई हुकूम कोर्ट देत नाही, आणि त्या यादीत घनकचराही आहे. म्हणून जे हवं ते सहीच्या आधी मागा.

आता तक्रारी.

पहिलं बिल अंदाजाच्या जवळपास दुप्पट आलं. टाइमशीट बघितली तर एकाच कॉलवर चार वकील, आणि चौघांचे तास लावलेले. शिवाय वकिलांच्या फर्मच्या बिलावर जीएसटी दिसत नाही, तो रिव्हर्स चार्जने १८ टक्के आपल्यालाच भरावा लागतो. आम्ही तो बजेटमध्ये धरलाच नव्हता. मी भेट मागितली आणि टाइमशीट ओळीओळीने वाचून दाखवली. दोघांचे तास कमी झाले. पुढच्या टप्प्यापासून टप्पेनिहाय कमाल मर्यादा ठरली आणि कॉलवर दोघांपेक्षा जास्त वकील आमच्या परवानगीशिवाय नाहीत, असं ईमेलवर आलं. मागितल्याशिवाय यातलं काहीच मिळालं नसतं.

त्याहून जास्त लागलं ते त्यांच्या एका मसुद्याचं. आमच्या एसपीव्हीच्या (फक्त या प्रकल्पासाठी काढलेल्या कंपनीच्या) भागधारक कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात 'टोल प्लाझा' आणि 'दैनंदिन सरासरी वाहनसंख्या' हे शब्द सापडले. कुठल्यातरी महामार्गाच्या करारातून उचललेलं परिशिष्ट कुणी न वाचता आमच्याकडे पाठवलं होतं. बाबांनी ते पान माझ्यासमोर धरून विचारलं, "बाकीची पानं तरी यांनी वाचली असतील का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री बसून मी सगळा करार स्वतः वाचला. फर्मने माफी मागितली आणि त्या मसुद्याचं बिल रद्द केलं. पण त्यानंतर त्यांच्याकडून आलेला प्रत्येक कागद मी वाचते. तुम्हीही वाचा. तुमच्या प्रकल्पात वजनकाटा कुठे आहे, ते तुमच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

आणि ज्या पार्टनर बाईंमुळे आम्ही फर्म निवडली, त्या दुसऱ्या महिन्यानंतर महत्त्वाच्या बैठकींपुरत्याच दिसल्या. मोठ्या फर्ममध्ये हे होतंच म्हणतात. मग एंगेजमेंट लेटरमध्ये नावं आणि किमान तास लिहून घ्यावेत.

करारनाम्यावर मार्च २०२५ मध्ये सह्या झाल्या. पूर्वअटींप्रमाणे संस्थेने १२० दिवसांत मोकळी जागा आणि पोचरस्ता द्यायचा होता. जुलै संपला, जागेवर जुना राडारोडा तसाच, आणि रस्त्याच्या एका तुकड्यावर खासगी मालकाचा दावा. काका संतापले, करार रद्दची नोटीस द्या म्हणाले. तेव्हा पार्टनर बाईंनी आम्हा तिघांना समोर बसवून दिल्ली विमानतळ मेट्रोचं प्रकरण सांगितलं. २००८ चा करार. खासगी कंपनीने दोष दुरुस्तीसाठी ९० दिवसांची नोटीस दिली आणि २०१२ मध्ये करार संपवला. २०१७ मध्ये लवादाने कंपनीच्या बाजूने हजारो कोटींचा निवाडा दिला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला, आणि १० एप्रिल २०२४ ला त्याच न्यायालयाने क्युरेटिव्ह याचिकेत, म्हणजे अंतिम निकालानंतर चूक दुरुस्त करण्यासाठी केलेल्या शेवटच्या याचिकेत, तो रद्द केला. मुद्द्यांपैकी एक असा, की ९० दिवसांत दोष पूर्ण दूर करणं एक आणि तो दूर करण्यासाठी परिणामकारक पावलं उचलणं दुसरं. करारात दोन्ही शब्द होते, आणि लवादाने दुसऱ्याकडे दुर्लक्ष केलं. बाई काकांना म्हणाल्या, "दादा, आपल्या करारातही तेच शब्द आहेत. त्यांनी पोकलेन लावला तरी पाऊल उचललं असं होईल. नोटीस देऊन आपण बाहेर पडायचं, आणि बारा वर्षांनी कळायचं की चुकलं. एवढी आपली कंपनी टिकेल का?" काका बराच वेळ काही बोलले नाहीत.

नोटीस गेली नाही. आयुक्तांना मराठीत दोन पानी पत्र गेलं, त्या लातूरच्या मुलीनेच लिहिलेलं. कोणत्या तारखेला काय द्यायचं होतं, काय मिळालं, रोज आमचा खर्च किती होतोय, मुदतवाढ आणि भरपाईचा हक्क आम्ही राखून ठेवतोय, आणि अमुक तारखेला संयुक्त पाहणी करावी अशी विनंती. सोबत फोटो आणि आमच्या साइट इंजिनिअरची डायरी. सप्टेंबरमध्ये पाहणी झाली, पंचनाम्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या, राडारोडा उचलला गेला. पोचरस्त्याचा तुकडा अजून अडलेला आहे, पण त्याची मुदतवाढ लेखी मिळालीय आणि तेवढ्या दिवसांचा दंड आम्हाला लागणार नाही.

फर्मला काम देण्याबद्दल कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते. फर्म प्री-बिडच्या आधी घ्या. नागरी संस्थेचे मराठी ठराव वाचणारा माणूस टीममध्ये आहे का, ते नाव घेऊन विचारा. टाइमशीट दर महिन्याला मागा. आणि तुमचे जुने वकीलकाका सोडू नका. आमच्या रस्त्याच्या तुकड्याचा जुना फेरफार तलाठ्याकडून काढून आणला तो त्यांनीच, फर्मच्या कुणालाही तो तीन आठवड्यांत मिळाला नव्हता.

पुढच्या महिन्यात बँकेच्या वकिलांची प्रश्नावली येईल. एस्क्रो खातं (प्रकल्पाचे पैसे ठरल्या क्रमानेच खर्च होणारं खातं), सबस्टिट्यूशन करार (आम्ही चुकलो तर बँकेने दुसरी कंपनी आणण्याचा), टर्मिनेशन पेमेंट (करार मध्येच संपला तर द्यायची रक्कम), सगळं पुन्हा उकरलं जाईल. ते कामही आम्ही याच फर्मला दिलंय, कमाल मर्यादेसह. लेटरमध्ये या वेळी बाबांनी स्वतः त्या मुलीचं नाव लिहायला लावलं.