आसगावातील एक बिस्त्रो आणि पावाचा प्रश्न

गोव्यातील आसगावात जुन्या पोर्तुगीज वळणाच्या घरांतून गेल्या काही वर्षांत जी उपाहारगृहे उभी राहिली, त्यांपैकी बहुतेकांत आम्ही म्हापसेकर एकदा जातो, बिल पाहतो आणि पुन्हा तिकडे फिरकत नाही. ज्या फ्रेंच धर्तीच्या छोट्या बिस्त्रोविषयी येथे लिहीत आहे, तेथे मात्र आम्ही एका वर्षात तीनदा जेवलो: जानेवारीत, ऐन पावसात जुलैमध्ये आणि शेवटी नोव्हेंबरात. जागा लहान आहे. बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, दोन आणि आत पाच टेबले. फ्रान्समध्ये बिस्त्रो म्हणजे आलिशान हॉटेल नव्हे, तर वस्तीतल्या लोकांची खाणावळ. मोजके पदार्थ, फळ्यावर खडूने लिहिलेली त्या दिवसाची यादी आणि साध्या जिन्नसाला वेळ देऊन आणलेली चव, हे तिचे लक्षण. त्यामुळे अशा ठिकाणी मी एवढेच पाहते की, स्वयंपाकी बाजारातून काय आणतो आणि ते किती निगुतीने शिजवतो.

जानेवारीत फळ्यावर पहिलेच नाव 'मूल मारिनिएर' असे होते. आम्ही गोंधळलेलो पाहून पेडण्याकडच्या वेटरने हळूच सांगितले, "ताई, हे आपले शिनाणेच, फक्त लोणी आणि वाईनमध्ये." आपल्याकडे शिनाण्यांना, म्हणजे काळ्या-हिरव्या शिंपल्यांतल्या मसल्सना, रव्यात घोळवून तळण्याची रीत पक्की झाली आहे. येथे मात्र ती शिंपल्यांसकट पातेल्यात घालून बारीक चिरलेला कांदा, लसूण, पार्स्ली आणि पांढरी वाईन यांच्या वाफेवर झाकण ठेवून शिजवलेली होती. हा पदार्थ चार-पाच मिनिटांचा असतो. शिंपले उघडले की पातेले उतरवायचे, आणि जे उघडले नाहीत ते टाकून द्यायचे. मिनिटभर जास्त झाले तरी मांस रबरासारखे होते. आमच्या पातेल्यातला एकही शिंपला बंद नव्हता, वाळूचा कण दाताखाली आला नाही, आणि तळाशी जो रस्सा उरला होता त्यात समुद्राचा खारेपणा, लोण्याचा गुळगुळीतपणा आणि वाईनचा आंबटपणा असा बेताने मिसळला होता की, ६९० रुपयांची रक्कम मला जड वाटली नाही. सोबत नाशिकची शेनिन ब्लाँ वाईन घेतली. ही द्राक्षाची जात मूळची फ्रान्समधील ल्वार खोऱ्यातली, त्यामुळे आयात बाटलीच्या किमती पाहून हिरमुसलेल्याला तो पर्याय कमीपणाचा वाटू नये.

कांद्याचे सूपही तसेच निघाले. या सुपाचा सगळा जीव कांद्यात असतो. तो मंद आचेवर पाऊण तास, प्रसंगी त्याहूनही अधिक परतत गडद तपकिरी करावा लागतो, आणि घाई झाली की लोक साखर घालून रंग आणतात. येथे गोडी कांद्याचीच होती. वर भाजलेल्या पावावरचे चीज मात्र साधे, चिवट आणि कसल्याही वासाचे नव्हते.

जुलैत सासूबाई सोबत होत्या आणि त्या दिवशी त्यांना शाकाहारच हवा होता. सूप चालेल का, असे विचारल्यावर वेटरने आडपडदा न ठेवता सांगितले की, त्याचा आधार गोमांसाचे सत्त्व हाच आहे. ही स्पष्टता मला फार मोलाची वाटते. त्यांनी रातातुई, म्हणजे वांगी-टोमॅटो वगैरेंची फ्रेंच मिसळभाजी, मागवली. पहिल्या घासालाच त्या म्हणाल्या, "वांगे गळलेले नाही, म्हणजे भाज्या वेगवेगळ्या परतून मग एकत्र केल्या आहेत." नीट केलेल्या रातातुईची खूण नेमकी हीच असते, आणि ती त्यांनी पदार्थाचे नाव उच्चारता येत नसतानाही ओळखली. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात फळ्यावर मासळीचे एकही नाव नव्हते, हेही मला आवडले. बर्फातला जुना माल ताजा म्हणून खपवण्यापेक्षा ते बरे.

त्याच भेटीत क्रेम ब्र्यूलेने मात्र निराशा केली. अंड्याच्या बलकाचा वास आणि दाटपणा बेबिंक हे गोव्याचे थरांचे पक्वान्न खाणाऱ्या आम्हाला नवा नाही, तेव्हा तक्रार कस्टर्डची नाही. वरचा साखरेचा थर चमच्याच्या टिचकीने काचेसारखा तडकायला हवा. तो दातांना चिकटत होता. जळवलेली साखर हवेतली ओल शोषते, आणि गोव्याच्या जुलैत ती आधीच जाळून शीतकपाटात ठेवणे म्हणजे तिचा पाक करून घेणेच होय. हा पदार्थ ग्राहकाने मागितल्यावरच आचेखाली धरायचा असतो. बदकाची कॉन्फी, म्हणजे चरबीत मंद शिजवलेले मांस, खारट होती. तिच्याविषयी अधिक काही नाही.

बिलात १० टक्के सेवाशुल्क आपोआप लावलेले होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तसे करता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती तत्त्वे उचलूनही धरली. आम्ही हे निदर्शनास आणताच रक्कम निमूटपणे वजा झाली. ज्याने विचारले नाही त्याचे काय, हा प्रश्न उरतोच.

परंतु माझी खरी तक्रार पावाची आहे. शिनाण्यांचा तो रस्सा टिपायला जे बगेट, म्हणजे लांबट फ्रेंच पाव, आले ते आणि जुलैतलेही थंड, बाहेरून कडक आणि आतून कापसासारखे होते. बगेटला पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट यांपलीकडे काही लागत नाही, म्हणूनच त्यात लपवायला जागा नसते. परदेशातील एखाद्या शहरात मी हे चालवून घेतले असते. ज्या गावात पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत दारात ऊन ऊन पाव आणतो, तेथे हे चालवून घेणे मला जमत नाही.

नोव्हेंबरात आधी फोन करून परवानगी घेतली आणि जाताना पोदेराकडच्या संध्याकाळच्या चार पोया (कोंड्याचे पोकळ गोल पाव) कागदात गुंडाळून नेल्या. स्वयंपाकघरातून त्या तव्यावर शेकून परत आल्या, आणि वेटर म्हणाला की, आतल्या मंडळींनी त्यांतली एक ठेवून घेतली आहे. उरलेल्या तिन्ही पोया रस्सा संपण्याआधीच संपल्या.