दहा महिने इपॉक्सी पुट्टी, सात शिपाई: सोलापुरी उन्हातला अनुभव

नोव्हेंबरात शिल्पकामाच्या इपॉक्सी पुट्टीची, म्हणजे दोन भाग मिसळले की आपोआप कडक होणाऱ्या लगद्याची, जोडी मागवली. अर्धा किलोचा एक डबा, तेवढाच दुसरा. टपालखर्च धरून अडीच हजारांच्या पुढे गेली. आता सप्टेंबर आहे. पहिली जोडी संपली, दुसरी निम्म्यावर आलीय. त्यातून शिपायांचे सात बस्ट (छातीपर्यंतचे छोटे पुतळे) उभे राहिले, दोन मोडीत गेले. ब्रँडचं नाव देत नाही, कारण दोन वेगळ्या कंपन्यांचा माल वापरला आणि दोन्हीचा स्वभाव सारखाच निघाला. तेव्हा जे लिहितोय ते या जातीच्या पुट्टीबद्दल समजा.

मी गणवेशाच्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे. शाळेचे शर्ट, वॉचमनचे ड्रेस, बँडवाल्यांचे कोट. हौस मात्र जुन्या शिपायांची. १/१० मापात, छातीपर्यंतचा पुतळा. म्हणजे हनुवटीपासून टाळूपर्यंत डोकं जेमतेम सव्वादोन सेंटीमीटर, आणि त्यात डोळे, मिशा, पागोटं, सगळं. याआधी शाडू वापरायचो. आमच्याकडे गणपतीच्या दिवसांत शाडूला तोटा नाही, पण एवढ्या लहान मापात तो वाळताना नाकाशी हमखास तडकतो.

थंडीत पुट्टीने जीव लावला. दोन डब्यांतून सारखे गोळे घ्यायचे आणि रंग एकजीव होईपर्यंत मळायचं. कुठे पांढरी रेघ राहिली की ती जागा कधीच नीट कडक होत नाही. मळून झाल्यावर वीसेक मिनिटं बाजूला ठेवायची, कारण ताजी फार चिकटते. मग चांगला दीड तास हातात मिळतो. पाण्याचं बोट फिरवलं की गुळगुळीत होते. आत पितळेची सळई आणि तिच्यावर अॅल्युमिनियमच्या फॉइलचा घट्ट बोळा, म्हणजे पुट्टी कमी लागते. सर्वांत मोठी सोय अशी की कडक झालेल्या थरावर नवा थर बसतो. आज नाक, उद्या कान, परवा पागोटं. शाडूत हे सुख नाही.

पहिले दोन बस्ट सरळसोट केले, फोटोसारखे. त्यातला एक अरब शिपाई. मे १८१८ मध्ये जनरल मन्रोने आपल्या सोलापूरच्या भुईकोटाला वेढा घातला तेव्हा पेशव्यांच्या बाजूने अरबही लढत होते. किल्ला रोज डोळ्यांसमोर, तेव्हा सुरुवात त्याच्यापासून. दाढीचा केस न् केस शिवणाच्या सुईने ओढला. तीन रात्री गेल्या. दोस्ताला दाखवला, तर तो उलटसुलट बघून म्हणाला, "दाढी भारी केलास बे. माणूस कधी करणार?"

राग आला. पण आठवडाभर तो पुतळा कपाटावर बघितला आणि दोस्ताचं खरं वाटू लागलं. दाढीखाली चेहरा नव्हताच.

मग एप्रिल आला. इथला एप्रिल ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको. पारा चाळिशी ओलांडतो आणि रात्री दहाला भिंतीला हात लावला तरी चटका बसतो. उष्णतेत इपॉक्सीची रासायनिक क्रिया भराभर होते. थंडीतला माझा दीड तास एप्रिलात अर्ध्या तासावर आला. एकदा गारद्याचं पागोटं चढवत होतो. गारदी म्हणजे पेशवाईतलं कवायती पायदळ. पानिपतावर इब्राहिमखानाच्या हाताखाली होतं ते. लाईट गेली, कूलर बंद पडला. मेणबत्ती शोधून आणेपर्यंत पागोट्याचा दगड झालेला. एकही पेच पडलेला नाही, नुसता ओबडधोबड लोळा.

टाकून देणार होतो. सकाळी सर्जिकलच्या दुकानातलं ११ नंबरचं ब्लेड घेतलं आणि वैतागून एक काप मारला. लाकडासारखा काप गेला, सपाट, चकचकीत. दुसरा मारला. आणि इथे माझा धंदा कामी आला. पागोटं म्हणजे शेवटी कापडच. कापड कुठे मोडतं, कुठे ताणतं, कुठे झोळ पडतो हे मी पंचवीस वर्षं खडूने आखत आलोय. केसासारख्या बारीक रेघा न काढता नऊ सपाट पाकळ्यांत पागोटं संपवलं. मग तोच न्याय गालाला, नाकाला, खांद्याला. दाढी म्हणजे तीन पाचरी. संध्याकाळी खिडकीतलं तिरपं ऊन पडलं तर एक गाल उजळ, दुसरा काळाकुट्ट. रंग न देता माणूस दिसत होता, आणि रागावलेला दिसत होता.

तेव्हापासून मी तसाच करतो: पुट्टी मुद्दाम जाडीभरडी थापायची, रात्रभर कडक होऊ द्यायची, सकाळी कापायची. ही शैली मी शोधली असं म्हणवत नाही. उन्हाने गळ्यात घातली.

पुढे डोळे उघडे ठेवून फिरलो तर हे सगळं आधीच होतं. जिल्ह्यात कितीतरी गावांबाहेर वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई, मधे अप्सरा वीराला वर नेतायत, सगळ्यांत वर तो शिवलिंगापुढे बसलेला. त्यातल्या वीराला कोणी केस मोजून दिलेले नाहीत. खांदा एवढा मोठा, कमर एवढीशी, तलवार त्याच्याहून लांब, तरी तो लढतोय हे लांबून कळतं. विजापूरला जाऊन मुलुखमैदान तोफ पुन्हा पाहिली. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, काही काळ परांड्याच्या किल्ल्यावर असलेली. तिचं तोंड म्हणजे जबडा फाडलेला सिंह आणि त्याच्या दातांत चिरडलेला हत्ती. त्यावरून तोफ डागणारा एक गोलंदाज केला, ज्याचं ओरडणारं तोंड अर्ध्या चेहऱ्याएवढं आहे. तो माझा सगळ्यांत आवडता. घरात सगळ्यांत नावडता. मुलगी म्हणते, टीव्हीजवळ ठेवू नका.

असे व्यंगचित्रासारखे बस्ट नवे नाहीत. फ्रान्समध्ये व्यंगचित्रकार ओनोरे दोमियेने १८३२ ते १८३५ च्या सुमारास पुढाऱ्यांचे लहान अर्धपुतळे कच्च्या मातीत केले, न भाजता रंगवले. त्यातले छत्तीस पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत. कच्ची माती पावणेदोनशेच्या वर वर्षं टिकली, हे वाचून माझ्या तडकलेल्या शाडूबद्दल जरा वाईट वाटलं. मी मात्र नामवंतांच्या वाट्याला जात नाही. महाराजांचा चेहरा वेडावाकडा करायची माझी इच्छाही नाही. माझे सगळे बिननावाचे: सरकारी घोड्यावरचा बारगीर, स्वतःचं घोडं आणि हत्यार बाळगणारा शिलेदार, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेला मराठा पलटणीचा जवान. त्या जवानाचं पसरट लोखंडी टोपडं या शैलीला इतकं जमून आलं की दोन तासांत उरकलं.

एक ठेच मात्र लक्षात राहिली. शैली मोकळी केली म्हणून पोशाख मोकळा होत नाही. मुघलकाळच्या चित्रांत हिंदूंच्या जाम्याचे (लांब अंगरख्याचे) बंद डाव्या काखेखाली आणि मुसलमानांचे उजव्या काखेखाली दिसतात. मी एका शिलेदाराचे बंद उजवीकडे कापून बसलो, कारण समोर ठेवलेला फोटो उलटा छापलेला होता. पाकळ्या आणि पाचरींच्या कामात बारकावे दहाच असतात, त्यामुळे त्यातला एक चुकला की लगेच डोळ्यात येतो. शर्टाची पट्टी उलटी कापली तर मालक पगारातून कापतो. इथे मीच मला बोल लावला आणि छाती तासून परत केली.

आता पुट्टीचे दोष. पातळ भाग ठिसूळ होतो. दोन तुरे आणि एक मिशी पुसताना गेली. पाणी जास्त वापरलं की वरच्या थराखाली चिकटपणा राहत नाही आणि नंतर पापुद्रा सुटतो. उघडलेल्या डब्यातल्या हार्डनरवर (जोडीतल्या कडक करणाऱ्या भागावर) साय धरते. ती काढून टाका, मिसळू नका, नाहीतर विरी गेलेल्या ज्वारीच्या पिठागत पुट्टी बोटाखाली फाटते. आणि हातमोजे. पहिले दोन महिने मी घातले नाहीत. मनगटावर लाल पुरळ उठलं, ते जायला तीन आठवडे लागले. कच्ची इपॉक्सी एकदा अंगाला सोसेनाशी झाली की पुढे थोडीही चालत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आता नायट्राइलचे मोजे, आणि घासकाम नेहमी वॉटर पेपरने, ओलं. कोरडी धूळ छातीत नको.

पॉलिमर क्ले घ्यावी का, असं दोघांनी विचारलं. ती भाजेपर्यंत मऊ राहते, घाई नाही, हा तिचा मोठा गुण. पण १३० अंशांवर, दर सहा मिलिमीटर जाडीला पंधरा मिनिटं भाजावी लागते, आणि ज्या ओव्हनात नानकटाई होते त्यात गारद्याचं मुंडकं भाजायला बायको तयार नाही. ते बरोबरच आहे. शिवाय मे महिन्यात ती इतकी सैल पडते की बोटांचे ठसे सोडून काही उमटत नाही. ग्रीन स्टफ नावाची हिरवी पुट्टी रबरासारखी राहते. बारीक दोऱ्या, पट्टे करायला छान, पण तिला घासता येत नाही. माझ्यासारख्या कापणाऱ्याच्या कामाची ती नाही.

पाचपैकी साडेतीन देईन. थंडीत चार, मेमध्ये तीन, पण मेमधलेच पुतळे जास्त चांगले झालेत, तेव्हा या हिशेबाला फार मनावर घेऊ नका. सोलापुरात मागवणार असाल तर दिवाळीच्या सुमाराला मागवा, मळलेली उरली तर घट्ट गुंडाळून फ्रीजरात टाका, दुसऱ्या दिवशी बरीचशी कामाची असते. फक्त डब्यावर ठळक लिहा. आमच्याकडे ती एकदा खव्याच्या शेजारी सापडली.

सध्या टेबलावर दुसरा गारदी आहे. पागोटं झालंय, खांदे झालेत. नाक चार कापांत करावं की तीन, यावर अडलोय.