पांढरी ब्रीचेस आणि बोअरचं पाणी : लेकीच्या शो-कपड्यांचा अकरा महिन्यांचा अनुभव

गेल्या जूनमध्ये लेकीसाठी घोडेस्वारीच्या शोचे, म्हणजे स्पर्धेचे, कपडे घेतले. गुडघ्याशी सिलिकॉनची ग्रिप असलेल्या दोन पांढऱ्या ब्रीचेस (घोडेस्वारीची घट्ट विजार), गडद निळा कोट, दोन स्टॉक टाय (गळ्याला बांधायचा पट्टा), पांढरे हातमोजे, मखमली हेल्मेट आणि मागे चेन असलेले गुडघ्यापर्यंतचे काळे बूट. लेक चौदा वर्षांची आहे, इंदूरच्या बाहेर एका तबेल्यात शिकते. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या ड्रेसाज (घोड्याकडून ठरावीक चाली करून घ्यायचा प्रकार) संघाला सोनं मिळालं, घोडेस्वारीत १९८२ नंतर पहिल्यांदाच, आणि त्या चौघांत इंदूरची सुदीप्ती हजेला होती. तेव्हापासून आमच्या घरी दुसरा विषय नाही.

कपडे घेताना मापाचा, किमतीचा खूप विचार केला. ते धुवायचे कसे, हे मात्र कुणाला विचारलंच नाही. ड्रेसाजला पांढरी किंवा मोतिया ब्रीचेस लागते. काळ्या मातीच्या मुलखात, लाळ गाळणाऱ्या, फेसाळ घाम येणाऱ्या जनावरावर बसायचं आणि कपडे पांढरे ठेवायचे, हे काम सोपं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी ब्रीचेसबद्दल, कारण माझा सगळा जीव तिच्यातच अडकला होता. तिसऱ्या शोनंतर ती राखाडी दिसायला लागली. डाग असे नव्हते, नुसती कळा गेली होती. मी पावडर बदलली, परत बदलली, रात्रभर भिजवून ठेवली. सासूबाई म्हणाल्या, नीळ घाल, मामंजींची धोतरं मी तशीच चमकवायचे. घातली. पण धोतर सुती, आणि ही ब्रीचेस नायलॉन आणि इलॅस्टेन या ताणल्या जाणाऱ्या धाग्याची. नीळ एकसारखी बसली नाही, शिवणींवर निळसर पट्टे उमटले आणि ते जायला चार धुण्या लागल्या. सासूबाईंना फार वाईट वाटलं. त्यांची चूक नव्हती, कापडच वेगळं होतं.

उलगडा झाला ऑगस्टमध्ये, तोही बोअरची मोटर जळाली म्हणून. आमच्याकडे नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, ते स्वयंपाकाला आणि प्यायला भरून ठेवतो. कपड्यांचं मशीन बोअरवर. मोटर जळाली त्या आठवड्यात पाऊस धो धो होता आणि गच्चीच्या पाइपाखाली ड्रम भरलेला होता. रविवारचा शो झालेला, ब्रीचेस धुणं भाग होतं. पावसाच्या पाण्यात अर्धीच पावडर घातली तर बादलीभर फेस आला. वाळल्यावर लेक म्हणाली, आई, ही नवी काढलीस का?

माळव्याच्या खडकातलं आमच्या बोअरचं पाणी जड आहे. गीझरच्या कॉइलवर, बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो, तो रोज बघत होते, पण कपड्यांशी त्याचा संबंध लावला नव्हता. अशा पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा चिकट साका बनवतात, आणि तो मळासकट धाग्यांत बसून राहतो. पावडर जास्त घालावी, तर खळबळून न निघालेली पावडरही कापडात राहते. मी दोन महिने नेमकं तेच करत होते. गुडघ्याच्या सिलिकॉनवरही पापुद्रा बसला होता. लेक सांगायची, पकड लागत नाही, पाय सरकतो. मला वाटलं ग्रिपच हलकी निघाली.

आता धुणं बोअरवरच होतं, पण शेवटचं खळबळणं नर्मदेच्या पाण्यात, बादलीला अर्धी वाटी पांढरा व्हिनेगर घालून. वास वाळल्यावर राहत नाही. दीड महिन्यात जुन्या ब्रीचेसचा निम्म्याहून जास्त राखाडीपणा गेला आणि ग्रिपही पुन्हा धरायला लागली. एक सावधगिरी : क्लोरीनच्या ब्लीचबरोबर व्हिनेगर कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. तसंही ते ब्लीच ब्रीचेसला लावूच नये. इलॅस्टेनचा ताण मरतो आणि पांढरं कापड पिवळं पडतं. फॅब्रिक सॉफ्टनरही बंद केला. त्याचा थर कापडावर बसतो, मग कापड घाम शोषत नाही आणि सिलिकॉन गुळगुळीत होतं. सिलिकॉनवर इस्त्री तर कधीच नाही. प्रेसवाल्या भैयांकडे ब्रीचेस देतच नाही.

डागांचं शिक्षण तबेल्यातच मिळालं. आमचे उस्ताद फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, घाम आणि लाळेला गरम पाणी लावाल तर डाग पक्का. खरं आहे. घोड्याच्या घामात लॅथरिन नावाचं प्रथिन असतं, खोगिराखाली पांढरा फेस येतो तो त्याच्यामुळेच. प्रथिनाचा डाग गरम पाण्याने कापडात आवळून बसतो. म्हणून मी गाडीत गार पाण्याची दोन लिटरची बाटली आणि जुना टूथब्रश ठेवते. रिंगमधून बाहेर आल्याआल्या पुसलं तर रात्रीचं काम अर्धं होतं. घरी येऊन, जेवून, मग सकाळी बघू असं दोनदा केलं. ते दोन्ही डाग अजून फिकट दिसतात.

हिरवा डाग वेगळा. लेकीचा घोडा बादल, त्याच्या तोंडात हिरवा चारा असतो आणि लाड करताना तो तोंड सरळ लेकीच्या खांद्यावर, मांडीवर घासतो. हिरवा रंग पाण्यात सुटत नाही, स्पिरिटमध्ये सुटतो. कापसाचा बोळा केमिस्टकडच्या सर्जिकल स्पिरिटमध्ये भिजवून टिपायचं, घासायचं नाही. आधी आतल्या शिवणीवर लावून बघा.

सगळ्यात हट्टी डाग मात्र खोगिराचा. नुकतं तेल दिलेल्या काळ्या खोगिराचा रंग मांडीच्या आतल्या बाजूला उतरतो. तो तेलकट असल्यामुळे आधी पाणी लावायचं नाही. कोरड्या कापडावरच भांड्यांचा लिक्विड साबण चोळून पंधरा मिनिटं ठेवते, मग धुते. बराचसा जातो, पूर्ण नाही. त्यावर खरा उपाय घोडे सांभाळणाऱ्या साईसकाकांनी सुचवला : चढण्याआधी खोगीर पांढऱ्या फडक्याने पुसायचं, फडकं काळं आलं तर पुन्हा पुसायचं. आणि रिंगच्या दारापर्यंत ब्रीचेसवर जुनी ट्रॅकपँट. खरारा, पाणी, चारा, सगळं त्या ट्रॅकपँटमध्येच होतं.

कोटाच्या बाबतीत मी समाधानी आहे. आधी ओळखीच्यांकडून लोकरीमिश्रित कोट वापरायला घेतला होता. दिसायला देखणा, पण इंदूरच्या मार्चमध्ये पोरगी आत उकडून निघायची, आणि एका ड्रायक्लीनरने कडक इस्त्री करून कोपरांवर चकाकी आणली. हा ताणाचा पॉलिस्टरचा कोट मशीनमध्ये तीस अंशांवर, उलटा करून, बटणं लावून, जाळीच्या पिशवीत धुतला जातो. पण दर वेळी धुवायची गरज नसते. माती पूर्ण वाळू द्यायची आणि मग ब्रशने झाडायची. ओली माती पुसली तर ती आत जाते. बादलचे पांढरे केस काढायला भांडी घासायचा रबरी हातमोजा ओला करून वरून खाली फिरवते, केसांची वळी होऊन निघतात. कॉलरच्या आतल्या तेलकट रेषेला सासूबाईंचं रिठ्याचं पाणी उत्तम लागू पडलं. पांढऱ्यावर रिठा नको, पिवळसर झाक येते.

स्टॉक टाय सुती आहेत, त्यांना ऑक्सिजन ब्लीच चालतं, चाळीस अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा तास. पिन मात्र काढून ठेवा. आमच्याकडे ओल्या टायमध्ये पिन राहिली आणि गंजाचा ठिपका पडला, लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवल्यावर गेला. हातमोजे लेक हातात घालूनच साबणाने धुते, हात धुतो तसे. ब्रीचेस पिळायची नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची आणि सावलीत वाळवायची. आपलं मे महिन्याचं ऊन इलॅस्टेनला सोसत नाही.

हेल्मेटबाबत एकच आग्रह. त्याला उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, आणि मखमल साफ करायला कुठलंही थिनर, स्पिरिट लावू नका, आतल्या फोमला अपाय होतो. मऊ ब्रश आणि लांबून किंचित वाफ, एवढ्याने मखमल उभी राहते. अस्तर निघतं, ते गार पाण्यात धुते. डिसेंबरमध्ये लेक पडली, हेल्मेट जमिनीवर आपटलं. वरून ओरखडाही नव्हता, तरी आम्ही नवीन घेतलं. तो फोम एकदा दबून धक्का झेलतो, पुन्हा तेवढा झेलेल याचा भरवसा नाही. पैसे जड गेले, पण तिथे विचार करायचा नसतो.

बूट पावसाळ्यात फसले. जुलैत आठ दिवस कपाटात, तेही प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि उघडले तर हिरवट बुरशी. बाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडले, मग निम्मं पाणी निम्मं व्हिनेगर घेऊन फडक्याने पुसले, सावलीत वाळवून थोडं लेदर कंडिशनर लावलं. आता दर वापरानंतर ओल्या फडक्याने घाम पुसायचा, आठवड्याला ग्लिसरीन सोप, पोटरीत वर्तमानपत्राची गुंडाळी आणि सुती पिशवी. चेनमध्ये माती अडकते, ती ब्रशने काढून मेणबत्ती फिरवली की सरसर चालते. चेन ओढून बंद करू नका. आमची एक तशीच तुटली आणि मोच्याने बदलून द्यायला दहा दिवस घेतले.

अकरा महिन्यांनंतर : कोट नव्यासारखा. बूट चांगले, टाचेपाशी थोडे घासलेले. दोन ब्रीचेसपैकी एक शोला चालते. दुसरीवर खोगिराची सावली राहिलीय, ती सरावाला. डाव्या गुडघ्याच्या आतली शिवण उसवायला लागली आहे, पुढच्या आठवड्यात टाके घालून आणते. पुढची ब्रीचेस याच कापडाची घेईन, फक्त मशीनला नर्मदेच्या टाकीची जोडणी आधी करून घेईन. प्लंबरला सांगून ठेवलंय.