मक्यातील अ‍ॅट्राझीन आणि टेम्बोट्रिओन: पीक निघाल्यानंतरचा अनुभव

मक्याची पेरणी होताच अ‍ॅट्राझीन आणि तणे दोन ते चार पानांवर आल्यावर टेम्बोट्रिओन, अशी दोन्ही तणनाशके मी संपूर्ण हंगामात वापरली. हा अनुभव मात्र पीक निघाल्यावर लिहीत आहे, कारण जमिनीत काय उरले हे रान मोकळे झाल्याशिवाय कळत नाही.

तणनियंत्रण उत्तम झाले. माठ, घोळ अशी रुंद पानांची तणे अ‍ॅट्राझीनने सुरुवातीलाच रोखली आणि जी निसटली ती टेम्बोट्रिओनने पांढरी पडून वाळली; लव्हाळा तेवढा खुरप्यानेच काढावा लागला. पंप वळवताना जिथे दुबार फवारा पडला, तिथे मक्याच्या पोंग्यातही पांढुरके पट्टे उमटले होते, परंतु नंतरची पाने हिरवीगार आली.

दाण्याच्या प्रतीसाठी मी शेजारी केवळ खुरपणीवर ठेवलेला पट्टा पाहिला. दोन्हीकडे कणसे टोकापर्यंत भरली होती. जिथे तण राहून गेले, तिथेच शेंडे रिकामे राहिले. पहिल्या ३० ते ४५ दिवसांत तण पिकाच्या वाट्याचे नत्र ओढून घेते आणि त्याचा फटका दाण्यातील प्रथिनांनाही बसू शकतो, त्यामुळे या बाबतीत माझा कौल तणनाशकाच्या बाजूने आहे. तरीही टपोरा दाणा पाहून माल अवशेषमुक्त ठरवणे मला मान्य नाही; ते प्रयोगशाळेच्या तपासणीतच कळते.

खरी काळजी जमिनीची आहे. अ‍ॅट्राझीनचे जमिनीतील प्रमाण निम्मे होण्यास साधारण ६० दिवस धरले जातात, पण सामू जास्त असलेल्या, कोरड्या किंवा थंड जमिनीत ते याहून बराच काळ टिकते. ते पाण्याबरोबर खालीही झिरपते; भूजलातील प्रमाण लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम या मर्यादेत राहण्याची खात्री न पटल्यामुळे युरोपीय संघाने २००४ मध्ये त्याची मान्यता नाकारली.

म्हणून पुढचे पीक पेरण्यापूर्वी फवारलेल्या आणि न फवारलेल्या पट्ट्यांतील माती वेगवेगळ्या कुंड्यांत भरून मी काकडीचे बी लावले. उगवण दोन्हीकडे सारखीच झाली, आणि इथेच फसगत होते: अ‍ॅट्राझीन बी रुजू देते, ते अडवते प्रकाशसंश्लेषण. खरी पाने फुटल्यावर फवारलेल्या मातीतील रोपांच्या पानांच्या कडा पिवळ्या होऊन करपू लागल्या, तर दुसऱ्या कुंडीतील रोपे निरोगी राहिली. हीच चाचणी उगवण पाहून थांबवली असती, तर जमीन स्वच्छ आहे असा चुकीचा निष्कर्ष निघाला असता.

टेम्बोट्रिओन मी पुढेही वापरेन. अ‍ॅट्राझीन मात्र मक्यानंतर पुन्हा मका किंवा ज्वारी घ्यायची असेल तेव्हाच, आणि तेही सरसकट न फवारता फक्त ओळींवरच्या पट्ट्यात. सोयाबीन, गहू किंवा भाजीपाला घ्यायच्या रानात ते टाकणार नाही.