डोंगरवाटेचा घोडा कोल्हापुरात घेताना

इथले विकणारे साधारण तिघे: वरातीचे घोडे पाळणारे, पर्यटकांना फेरी मारून देणारे आणि शर्यतीचे शौकीन. पन्हाळा-जोतिबाच्या चढणीला आमचं मत फेरीच्या घोड्याला. वरातीचा घोडा बँड-फटाक्यांना बुजत नाही, पण सगळा डांबरावर चाललेला; ओढा दिसला की अडतो. शर्यतीचा टाळाच, मागून टापा ऐकल्या की उधळतो.

'पाच वर्षांचा आहे' हे वाक्य सगळेच म्हणतात. ओठ उचला: कडेचे पुढचे दुधाचे दात साडेचारच्या सुमारास पडतात, म्हणजे ते असतील तर घोडा अजून कच्चा. मग कडक जमिनीवर, मोकळ्या दोरीने दुडकी चालवायला लावा. पुढचा दुखरा पाय टेकताना मान वर झटकते. विक्रीआधी वेदनाशामक दिलं तर हे लपतं, म्हणून चार दिवसांनी न सांगता पुन्हा जा.

खुराच्या तळव्यातला त्रिकोणी मऊ भाग नखाने दाबा. काळा, कुबट वासाचा निघाला तर ओल्या तबेल्यात सडलाय. पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके म्हणजे जुनं खोगीर लागलेलं. विश्रांतीत नाडी मिनिटाला २८ ते ४४. चढ चढून आल्यावर वीस मिनिटांत साठीच्या आसपास उतरली पाहिजे.

ग्लँडर्सची रक्ततपासणी झाल्याशिवाय विसार देऊ नका. हा रोग माणसालाही होतो. टाळाटाळ करणाऱ्याकडे तोबरासुद्धा घेऊ नये.