निसर्गोपचाराचे सहा महिने, आणि केसांच्या गोळीने केलेला घोळ

या निसर्गोपचार केंद्राचा रिव्ह्यू दोन महिन्यांपूर्वी लिहिला असता तर डोळे झाकून पाच स्टार दिले असते. बरं झालं आळस केला. मागच्या महिन्यात थायरॉईडचा रिपोर्ट आला, टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन) एकदम तळाला आणि टी-फोर (थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन) वर, फॅमिली डॉक्टर म्हणाले गोळी जास्त होतेय, डोस कमी करावा लागेल. अहो, अकरा वर्षं तोच डोस घेतेय मी! म्हटलं झालं, या निसर्गोपचारवाल्यांनीच काहीतरी करून ठेवलं.

पण नवीन जाणाऱ्यांसाठी आधी पहिल्या दिवसाचं सांगते. दीड तास काढून जा. तपासणी थोडी, बीपी, जीभ, पोट दाबून बघणं, बाकी सगळे प्रश्न. झोप कशी, रात्री किती वाजता जेवता, पोट रोज साफ होतं का आणि कसं होतं (हो, सगळं सांगावं लागतं, लाजून उपयोग नाही), लहानपणी काय काय झालं होतं. त्या दिवशी औषध मिळेलच असं नाही. मला फक्त सात दिवस खाल्लेलं-प्यायलेलं लिहून आणा म्हणून हात हलवत परत पाठवलं, तेव्हा फी डोळ्यांत सलली होती. नंतर कटिस्नान सुरू झालं, म्हणजे टबात बसायचं, कंबर पाण्यात आणि पाय बाहेर. पहिल्या दिवशी गार पाण्याने किंचाळलेच. आता झोप खरंच चांगली लागते, ॲसिडिटी निम्म्यावर आलीये. टबामुळे की रात्रीचं जेवण लवकर केल्यामुळे ते देव जाणे.

आता मेन मुद्दा, फॉर्म. बारा पानी! नवव्या पानावर 'चालू औषधे व सप्लिमेंट' असा रकाना. मी थायरॉईडची गोळी लिहिली आणि पुढे गेले, कारण केसांच्या गोळीला औषध कोण म्हणतं?

रिपोर्ट आल्यावर घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत कोंबून भांडायलाच गेले. निसर्गोपचाराच्या डॉक्टरांनी शांतपणे एकेक बाटली फिरवून बघितली आणि दोन मिनिटांत केसांची गोळी बाजूला काढली. त्यात बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) १० मिलिग्रॅम. रोजची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे मी तीनशे पटीहून जास्त गिळत होते. बऱ्याच लॅबमधल्या टेस्टची पद्धतच अशी की रक्तात बायोटिन जास्त असलं की टीएसएच खोटा कमी दिसतो आणि टी-फोर खोटा जास्त. हार्ट अटॅकची ट्रोपोनिन टेस्टसुद्धा यामुळे चुकू शकते, अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१७ मध्येच इशारा दिला होता. फॅमिली डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले डोस तसाच ठेवा, बायोटिन थांबवून परत टेस्ट करू. निदान दोन दिवस बंद ठेवायचं असतं, मी भीतीने आठवडा ठेवलं. रिपोर्ट नॉर्मल.

म्हणजे ज्यांच्याशी भांडायला गेले त्यांनीच पकडलं. तरी राग पूर्ण गेला नाही, कारण पहिल्या फोनवरच 'घरातल्या सगळ्या बाटल्या घेऊन या' एवढं सांगायला काय जात होतं? त्याच पिशवीत कॅल्शियमपण निघालं, जे मी थायरॉईडच्या गोळीच्या मागोमाग घ्यायचे. त्यात चार तासांचं अंतर लागतं, हेही तेव्हाच कळलं.

अजून एक, जाण्याआधी डिग्री आणि रजिस्ट्रेशन सरळ विचारा, काही ठिकाणी कोणीही पाटी लावून बसतं. आणि चालू गोळ्या परस्पर बंद करा म्हणणारा भेटला तर उठून या. माझ्या डॉक्टरांनी तसं कधी म्हटलं नाही, हे त्यांच्या बाजूने.

दुसऱ्या टेस्टचे पैसे गेले ते माझेच. चार स्टार देतेय. नवव्या पानावर 'केसांची गोळी धरून' असं छापलं की पाचवा देईन, तसं रिसेप्शनवर सांगून आलेय.