रविवार कारंज्याजवळचं टी ट्री तेल: तेल चांगलं, लेबल मात्र सुधारा

नाशिकला इंदिरानगरमध्ये माझं छोटं पार्लर आहे. पावसाळ्यात खोलीत कुबट वास कोंडतो, म्हणून मी डिफ्यूझरमध्ये (सुगंध हवेत पसरवणाऱ्या यंत्रात) टी ट्री या झाडाचं उग्र वासाचं तेल घालते. ते आता रविवार कारंज्याजवळच्या एका जुन्या अत्तराच्या दुकानातूनच आणते.

पहिलं कारण बाटली. गडद तपकिरी काच, तोंडाला थेंब थेंब सोडणारं बूच, लेबलवर ‘मेलाल्यूका अल्टर्निफोलिया’ हे झाडाचं पूर्ण नाव, बॅच नंबर आणि तारीख. नुसतं ‘टी ट्री’ छापलेलं मी घेतच नाही. मागितल्यावर दुकानदार काकांनी तपासणीचा कागदही पुढे केला. आयएसओ ४७३० या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे या तेलात टर्पिनेन-४-ऑल हा मुख्य घटक किमान ३५ टक्के आणि सिनिओल हा दुसरा घटक जास्तीत जास्त १० टक्के हवा. दोन्ही आकडे त्यात बसत होते.

दुसरं कारण काका स्वतः. माझ्यासमोर एका बाईंनी विचारलं, मुलाला खोकला आहे, गरम पाण्यात दोन थेंब घालून पाजू का? काकांनी हातातली बाटली परत कपाटात ठेवली. ‘ताई, हे पोटात घ्यायचं तेल नाही. तसं करणार असाल तर मी देणार नाही.’ गिऱ्हाईक जाईल याची पर्वा न करता असं सांगणारा दुकानदार मला लाखमोलाचा वाटतो. लहान मुलाच्या पोटात हे तेल थोडं जरी गेलं तरी गुंगी येते, तोल जातो, शुद्धही हरपू शकते.

पार्लरमध्ये मी पाण्यात तीन-चार थेंब टाकते, खिडकी उघडी ठेवते आणि अर्ध्या तासात डिफ्यूझर बंद करते. कुणाला दमा असेल किंवा कडेवर तान्हं बाळ असेल तर लावतच नाही. ज्यांच्या घरी मांजर किंवा कुत्रा आहे त्यांनी तर जपाच, या प्राण्यांना हे तेल विषारी आहे. त्वचेवर नुसतं तेल कधीच लावू नका. ५ मिली बदाम तेलात २ थेंब पुरतात; तेही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबायचं.

इथे १० मिलीची बाटली मिळते हे फार बरं. उघडलेलं तेल हवा, उजेड आणि उष्णतेनं बिघडतं, आणि खाज-पुरळ उठण्याचा धोका अशा जुन्या तेलाचाच जास्त. नाशिकच्या एप्रिलमधल्या उन्हात बाटली खिडकीत ठेवायची सोय नाही. मी ती बूच घट्ट लावून बंद कपाटात ठेवते.

आता तक्रार. लेबलवरच्या सगळ्या सूचना बारीक इंग्रजीत आहेत. ‘पोटात घेऊ नये’ एवढं तरी मराठीत, ठळक छापायलाच हवं; काका काउंटरवर सांगतात, पण बाटली घरी गेल्यावर ती आजीच्याही हाती पडते. बूचही लहान मुलाला सहज उघडेल असं आहे. दोन्ही गोष्टी काकांना सांगितल्या आहेत. मराठी चिठ्ठी चिकटवायचं त्यांनी कबूल केलंय.

पाचपैकी चार तारे. जाताना दुचाकीच न्या, चारचाकी लावायला तिथे जागा मिळत नाही.